यामाहा आर१५, केटीएम आरसी, बजाज आरएस२०० या बाइकवाल्यांसाठी: सायलेन्सर आणि ॲक्सेसरीजचे नेहमीचे प्रश्न, सोलापूरच्या हिशोबाने

माझी आर१५ वी३ आहे, सोलापुरातच चालवतो, तुळजापूर-अक्कलकोट-पंढरपूर या फेऱ्या तर चालूच असतात. सायलेन्सर बदलून झालाय, परत स्टॉक म्हणजे कंपनीचा मूळ लावून झालाय, लाईटी जाळून झाल्यात. गल्लीतली, कॉलेजची पोरं भेटली की तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. गाडी वेगळी असली तरी बहुतेक गोष्टी सारख्याच लागू होतात.

दादा, सायलेन्सर बदलला की गाडी जास्त पळते का?

सरळ सांगतो, १५० ते २०० सीसीच्या गाडीत नुसत्या सायलेन्सरने पळणं वाढत नाही. आर१५ वी४ चं बघ, १८.४ पीएस (हॉर्सपॉवरच्या जवळपासचंच माप) आणि ते पण १०,००० आरपीएमला, टॉर्क १४.२ एनएम ७,५०० ला. आता एवढ्याशा इंजिनातून सायलेन्सर बदलून मिळून मिळून किती मिळणार, अर्धा नाहीतर एक हॉर्सपॉवर, आणि तो पण वरच्या आरपीएमला. सात रस्त्यावरून आसरा चौकापर्यंत जाताना तू तिथपर्यंत इंजिन फिरवतोस का? नाही ना. उलट पाइप गरजेपेक्षा जाड असला तर बाहेर जाणाऱ्या धुराचा वेग कमी होतो, पुढच्या धुरामागे मागचा धूर ओढला जाण्याचा जो फायदा असतो तो जातो आणि चार-पाच हजार आरपीएमचा पिकअप मेल्यासारखा वाटतो. रोजची गाडी तर आपण तिथेच चालवतो.

मग पोरांना गाडी पळतीय असं का वाटतं, तर आवाजामुळे. आवाज वाढला की कानाला वेग वाढल्यासारखा वाटतो. मी स्वतः महिनाभर शपथेवर सांगत होतो की गाडी सुटली म्हणून, मग एका मित्राच्या स्टॉक वी३ बरोबर बाळ्याच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमधून सोबत ओढून बघितली, दोघं शेवटपर्यंत चाक-चाकाला.

खरोखर जो फायदा होतो तो वजनाचा. स्टॉक सायलेन्सर जड असतो, चांगला हलका लावला तर दोन-तीन किलो कमी होऊ शकतात.

पिकअपच पाहिजे असेल तर मग काय करू?

स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक. पुढच्या स्प्रॉकेटला १४ दात असतील आणि १३ चं टाकलं तर रेशो साधारण ७-८ टक्क्यांनी बदलतो, गाडी खालून चपळ होते, त्या बदल्यात हायवेला त्याच स्पीडला आरपीएम जास्त राहतो आणि ॲव्हरेज थोडं पडतं. काही गाड्यांत स्पीडोमीटर पण चुकीचं दाखवायला लागतो, सेन्सर कुठं आहे त्यावर आहे ते. पण आधी चेन बघ. सोलापुरात धूळ एवढी की आठवड्यात चेन काळी कुळकुळीत होते, सुकलेली, ढिली चेन घेऊन सायलेन्सर शोधत फिरणारी पोरं मी लय बघितलीत.

स्लिप-ऑन आणि फुल सिस्टीम यात फरक काय?

स्लिप-ऑन म्हणजे फक्त मागचा डबा बदलायचा, बेंड पाइप (इंजिनातून निघणारा वाकडा पाइप) कंपनीचाच राहतो. फुल सिस्टीम म्हणजे इंजिनाच्या तोंडापासून सगळं नवीन. जुन्या ड्यूक २०० सारख्या गाड्यांचा सायलेन्सर इंजिनाच्या पोटाखाली असतो, त्यामुळे बाजूला डबा लावायचा तर मधला पाइप पण बदलावा लागतो, तिथं हिशोब वेगळा होतो.

रोजच्या गाडीला स्लिप-ऑनच बरा. फुल सिस्टीम रेसिंग ट्रॅकसाठी असते आणि चांगल्या कंपन्या तसं बॉक्सवर लिहितात पण. तेवढं एक वाक्य कोणी वाचत नाही.

कॅट काढून टाकू का? गॅरेजवाला म्हणतो गाडी मोकळी होते.

नको. कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आतमध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर महागडे धातू लावलेले असतात. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हे तिन्ही तिथं कमी होतात. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले, तेव्हापासून इंजिन, इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि कॅट ही सगळी एकमेकांशी बांधलेली सिस्टीम आहे. कॅट काढला की पेट्रोलचा उग्र वास येतो, सिग्नलला मागे थांबलेल्या माणसाचे डोळे चुरचुरतात, पीयूसीला अडकतो. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत गाडी स्वतःच उत्सर्जनाच्या पार्ट्सवर लक्ष ठेवते, त्यामुळे इंजिनाचा पिवळा लाईट कायमचा पेटून बसायची शक्यता जास्त.

काढलेला कॅट भंगारात चांगल्या पैशाला जातो, आतल्या प्लॅटिनम-पॅलेडियममुळे. कोणी फुकटात काढून देतो म्हणाला तर हे लक्षात ठेव.

डीबी किलर काढला तर काय होतं?

डीबी किलर म्हणजे सायलेन्सरच्या तोंडात बसवलेली नळी, एका स्क्रूवर नाहीतर सर्कलिपवर असते, पाच मिनिटात निघते म्हणूनच सगळे काढतात. आवाजाचं गणित असं आहे की १० डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो. नवीन गाडी पास करताना ८० ते १७५ सीसीला ७७ डेसिबलची मर्यादा आहे आणि १७५ च्या वरच्या गाडीला ८०. त्या मापाच्या गाडीतून नळी काढल्यावर घरात झोपलेल्या माणसाला काय ऐकू येत असेल विचार कर.

माझे वडील दवाखान्यात होते, ऑपरेशन झालेलं, रात्री दीडच्या सुमाराला खालच्या रस्त्यावरून तीन गाड्या फाडत गेल्या. वडील दचकून उठले, टाक्यांवर ताण आला, आणि शेजारच्या बेडवरची म्हातारी तर रडायलाच लागली. मी खिडकीतून खाली बघितलं तर आवाज ओळखीचा होता, माझ्या गाडीला पण तोच डबा होता आणि माझी पण नळी घरी ड्रॉवरमध्ये पडलेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो, हात पण न धुता नळी परत बसवली. त्यानंतर काढलेली नाही.

दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत तिथं दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. काही जण म्हणतात पूर्व भागात यंत्रमागाचा आवाज दिवसभर चालतोच की, गाडीचं काय एवढं. अरे पण मागावर काम करणारी माणसं दिवसभर तो आवाज सोसून रात्री झोपायला घरी येतात, त्यांना तेवढी तरी झोप मिळू दे.

पोलिसांनी पकडलं तर किती बसतो?

मोटार वाहन कायद्यात दोन गोष्टी लागू होतात. कलम १९०(२) मध्ये आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडल्याबद्दल पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं. आणि कलम १८२ए(४) मध्ये मालकाने गाडीत परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलाला ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. प्रत्येक बदलाला, हा शब्द वाच नीट. सायलेन्सर वेगळा, नंबर प्लेट वेगळी असं धरलं तर किती होतं बघ. शिवाय सायलेन्सर जागेवर काढून घेतात, रोड रोलरखाली चिरडलेले ढीग बातम्यांत बघितलेच असशील.

ब्रँडेड आहे, बिल आहे, असं सांगून सुटका होत नाही. बिल असल्याने तो सायलेन्सर रस्त्यावर चालतो असं होत नाही.

दीड-दोन हजारात अक्रापोविक मिळतोय, घेऊ का?

तो अक्रापोविक नाही. अक्रापोविक ही स्लोव्हेनियाची कंपनी आहे, टायटॅनियमचं काम करते, तिचा डबा दोन हजारात येणं शक्यच नाही. जे मिळतं ते स्टिकर लावलेलं पत्र्याचं नळकांडं. मी पण असाच एक घेतला होता, दुकानदाराने ओरिजिनल माल म्हणून दिला. दोन महिन्यात कार्बन फायबरचा प्रिंट उष्णतेने फुगून सुटला, मग आतली काचेची लोकर उडून गेली, आणि शेवटी विजापूर रोडला एका स्पीड ब्रेकरवर ब्रॅकेटचं वेल्डिंगच तुटलं आणि डबा चाकाला घासायला लागला. परत घेऊन गेलो तर इलेक्ट्रिक आणि सायलेन्सरच्या मालाला गॅरंटी नसते म्हणून सांगितलं.

बघायचं कसं, तर तोंडातून आत टॉर्च मार, छिद्राछिद्राची जाळी आणि तिच्या मागे लोकर दिसली पाहिजे. वेल्डिंगची शिवण एकसारखी पाहिजे. ब्रॅकेट जाड पाहिजे. लोहचुंबकाच्या चाचणीवर विसंबू नको, ३०४ स्टीलला चुंबक चिकटत नाही हे खरं पण ४०९ ला चिकटतं आणि चांगले सायलेन्सर ४०९ चे पण असतात. बजेट मोठं नसेल तर रेड रूस्टर, पॉवरएज अशा भारतीय कंपन्यांचं बघ, नाहीतर स्टॉकच राहू दे, स्टॉक लावून फिरण्यात कमीपणा काय आहे.

मॅपिंग करावंच लागतं का?

मॅपिंग म्हणजे ईसीयूत, गाडीच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, पेट्रोलचा हिशोब बदलणं. कॅट जागेवर, ऑक्सिजन सेन्सर जागेवर आणि फक्त स्लिप-ऑन असेल तर बहुतेक वेळा लागत नाही. हळू चालवताना ईसीयू त्या सेन्सरकडे बघून पेट्रोल कमी-जास्त करत राहतो, आदर्श प्रमाण एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा. पण फुल थ्रॉटलला तो सेन्सरकडे बघत नाही, आत लिहिलेल्या टेबलवरून पेट्रोल सोडतो. म्हणून फुल सिस्टीम आणि मोकळा एअर फिल्टर लावला की हवा जास्त जाते आणि पेट्रोल जुन्याच हिशोबाने, गाडी लीन होते. लीन गाडी गरम चालते, झटके देते, प्लग पांढरट पडतो. मेच्या ४२ डिग्रीत लीन गाडी हायवेला तासभर ओढायची म्हणजे पिस्टनशी खेळ. वेगळा ईसीयू किंवा पिगीबॅक (ईसीयूला वरून जोडायचा बॉक्स) लावायचा तर डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, ट्यून करणारा माणूस पाहिजे, नुसता तो बॉक्स जोडून मॅप टाकला म्हणजे झालं असं नसतं.

थ्रॉटल सोडला की फटफट फटाके वाजतात, चांगलं की वाईट?

वाईट. बहुतेक वेळा जॉइंटमधून बाहेरची हवा आत जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपमध्ये पेटतं. बेंडचं गॅस्केट बघ आधी.

घरी बसवता येतो का?

येतो, गडबड करायची नाही. इंजिन पूर्ण गार पाहिजे. काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढ. बेंडच्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेव, जोर लावून स्टड तुटला की हेड उतरवायचा खर्च येतो. फुल सिस्टीम असेल तर गॅस्केट नवीनच टाक, जुनं दाबलेलं परत सील होत नाही. सगळे नट आधी हाताने लाव, डबा सरळ बसलाय का बघ, मग पुढून मागे घट्ट करत ये. उलट केलं तर सगळा ताण बेंडवर येतो आणि महिन्याभरात चीर पडते. मागे मित्राला बसवून गाडी दाब, डबा स्विंगआर्मला नाहीतर टायरला लागतोय का बघ. पाइपवरचे हाताचे डाग थिनरने पूस, नाहीतर भाजून कायमचे राहतात. पहिल्यांदा चालू केल्यावर थोडा धूर येतो, घाबरू नको. ५०-६० किलोमीटरनंतर गार झाल्यावर परत एकदा घट्ट कर.

एक्स्ट्रा लाईट लावायच्या आहेत, कोणत्या?

याचं उत्तर मोठं आहे कारण माझ्या मते सोलापूरच्या माणसाने आवाजाच्या आधी उजेडावर पैसे घालावेत. कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की टेंभुर्णी, मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा कुठल्याही रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, एकामागे दोन जोडलेल्या, मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या पाचटाने झाकलेला. समोरच्या गाडीच्या उजेडात डोळे दिपले की ती ट्रॉली दिसतच नाही, दिसते तेव्हा अंतर संपलेलं असतं. असे अपघात आपल्याकडे दरवर्षी ऐकतो.

पण आधी स्टॉक हेडलाईट नीट सेट कर, मागे कोणी बसलं की बीम वर जातो हे बघून. मग दोन २०-२० वॉटच्या लाईट लावल्या तर ४० वॉट, १२ व्होल्टला साधारण सव्वातीन ॲम्पिअर. एवढा करंट हेडलाईटच्या वायरीवर किंवा हॅन्डलच्या बटणावर टाकायचा नाही. मी टाकला होता, म्हणजे फिटरने तसा जोडला आणि मी बघितलं नाही. मोहोळच्या अलीकडे रात्री साडेनऊला कपलर वितळला आणि हेडलाईटसकट सगळं गेलं, पाच किलोमीटर मोबाईलच्या टॉर्चवर आणि एका टेम्पोच्या मागे लागून आलो. तेव्हा रिले लाव, म्हणजे बटणाच्या थोड्या करंटने बॅटरीचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच: ३० नंबरच्या पिनला बॅटरीतून फ्यूज लावून प्लस, ८७ ला लाईट, ८५ ला अर्थ आणि ८६ ला बटण, ते पण चावी बंद केली की बंद होणाऱ्या वायरीवर. फ्यूज बॅटरीच्या जवळ. जोड टेपचा नको, हीट श्रिंक नळीचा. छोट्या स्पोर्ट गाडीची बॅटरी लहान असते, लाईट, हॉर्न, चार्जर सगळं एकदम लावून सिग्नलला उभा राहिलास की सकाळी सेल्फ लागत नाही.

आणि समोरून गाडी आली की बंद कर. पांढऱ्या झोतात समोरचा शेतकरी आंधळा झाला तर अपघाताचं कारण तू.

उन्हाळ्यात गाडी खूप तापते, रेडिएटर गार्ड लावू का?

लाव पण जाळी मोठ्या छिद्रांची बघ, बारीक जाळीने हवाच अडते. आपल्याकडे पावसात काळी माती उडून रेडिएटरच्या पात्यांत बसते आणि सुकली की सिमेंटसारखी होते, ती कमी दाबाच्या पाण्याने धुवून काढ, प्रेशर वॉशर जवळून मारला तर पाती आडवी होतात. कुलंटच्या जागी बोअरचं पाणी ओतू नका, आपलं पाणी जड, आत क्षार धरतो.

टेल टायडी लावली तर चालते का?

टेल टायडी म्हणजे मागच्या मोठ्या मडगार्डच्या जागी लावायचं नंबर प्लेटचं छोटं ब्रॅकेट. दिसायला छान दिसते हे मान्य. पण मागचा मडगार्ड गेला की पावसात पाठीवर सरळ चिखलाचा पट्टा, आणि मागच्या माणसाच्या तोंडावर पण. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) कंपनीकडूनच येते, जुन्यांना आता बसवावी लागते, तिचे स्नॅप लॉक तोडल्याशिवाय निघत नाहीत. टायडीसाठी प्लेट काढली की परत लॉकसाठी धावपळ. प्लेट वाकवून आडवी केली तर दंड ठरलेला. साडी गार्ड काढणाऱ्यांना तर हात जोडून विनंती, आई-बहीण मागे बसते, पदर चाकात जायला सेकंद लागतो.

क्रॅश गार्ड की स्लायडर?

फेअरिंगच्या, म्हणजे बाजूने प्लास्टिकचं आवरण असलेल्या गाडीला स्लायडर, म्हणजे बाजूला बसणारा कडक ठोकळा. पण तो इंजिन माउंटिंगच्या बोल्टवर बसतो, तेव्हा हलक्या प्रतीच्या लोखंडाचा बोल्ट घालू नका, गाडी पडली की फेअरिंग वाचेल आणि माउंटिंग मोडेल.

मागे १५० चा टायर बसतो का?

आर१५ ला १४०/७० आर१७ येतो. रुंद टायर अरुंद रिमवर चढवला की मधून गोल होतो, वळणात उलट कमी टेकतो, शिवाय गाडी जड वाटते. त्याच मापात चांगल्या ग्रिपचा घे. घेताना बाजूवरचे चार आकडे वाच, २३२४ असेल तर २०२४ सालचा २३ वा आठवडा. उन्हात दुकानाबाहेर टांगलेला जुना टायर घेऊ नको.

मोबाईल होल्डर, लिव्हर, बार-एंड आरसे?

होल्डर रबर डॅम्परवालाच घे, सिंगल सिलिंडरच्या थरथरीने फोनचा कॅमेरा खराब होतो, ॲपलने स्वतः तसा इशारा दिलाय. स्वस्त सीएनसी (मशीनवर कापून बनवलेल्या) लिव्हरमध्ये ब्रेकचा स्विच नीट दाबला जात नाही, मागचा लाल लाईट पेटतो का ते बघ. बार-एंड म्हणजे हॅन्डलच्या टोकाला बसणारे आरसे क्लिप-ऑनवर (स्पोर्ट गाडीच्या खाली बसलेल्या दोन तुकड्यांच्या हॅन्डलवर) पूर्ण वळवल्यावर फेअरिंगला आपटतात.

माझ्याकडे १५ हजार आहेत, आधी काय घेऊ?

आयएसआय मार्कचं चांगलं हेल्मेट, जाळीदार जॅकेट आणि ग्लोव्हज, टायर झिजले असतील तर टायर, ब्रेक पॅड, मग रिलेसकट लाईट. यातून पैसे उरले तर सायलेन्सरचं बोलू.

आमच्या मुलाने गाडीला आवाजाचा सायलेन्सर लावलाय, ओरडलो तर ऐकत नाही. काय करावं? (एका काकांनी विचारलं होतं)

काका, नुसतं ओरडू नका. गाडी कोणाच्या नावावर आहे बघा, तुमच्या नावावर असेल तर मालक म्हणून केस तुमच्यावर पण येते, हे त्याला कागद दाखवून सांगा. बदल केलेल्या गाडीचा अपघात झाला तर इन्शुरन्सवाले खुसपट काढू शकतात. आणि निदान नळी तरी परत बसव म्हणा, तिथून सुरुवात होते. गाडीवर त्याचं प्रेम आहे, ते तोडू नका, चेन साफ करायला त्याच्याबरोबर बसा एक रविवार.

स्टॉक सायलेन्सर विकून टाकू का?

अजिबात नको. पीयूसी, सर्व्हिस सेंटर, वॉरंटी, गाडी विकणं, सगळ्याला तोच लागतो आणि नवीन घ्यायला गेलास तर किंमत ऐकून बसशील. आतलं पाणी निथळू दे, तोंडं कापडाने बंद कर, बाहेरून तेलाचा हात फिरव आणि जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेव, नट आणि ब्रॅकेट पिशवीत घालून त्यालाच बांध. माझा असाच दीड वर्ष माळ्यावर होता, काढला, पुसला, लावला, अजून तोच आहे गाडीला.